दार उघडायच्या आत

किल्ली कुलपात अर्धी फिरली आणि आतलं हसणं थांबलं. ओसरत ओसरत थांबतं तसं नाही, दोरी कापावी तसं. तो आत आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिघं बसली होती, त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ आणि त्याची आई. तिघांच्याही चेहऱ्यावर हसण्याची नुसती जागा उरली होती, भिंतीवरचं चित्र उतरवल्यावर उरते तशी. धाकटा म्हणाला, "अरे दादा, आज लवकर?" बायकोने उगाच ओट्याकडे पाहिलं. आईने ओठ घट्ट मिटले आणि हात तोंडावर नेला, जांभई यायच्या बेतात असल्यासारखा. "वीज गेली कामावरची," तो म्हणाला. वीज जाते, माणूस घरी येतो, यात बोलण्यासारखं आहे तरी काय? पण दुपारी साडेतीन वाजता स्वतःच्याच घरात उभं राहून त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं कुलूप उघडलं. धाकटा लगेच उठला. "निघतो मी, गाडी उघडी टाकून आलोय," म्हणाला. कोपऱ्यावर त्याची किल्ल्या बनवायची हातगाडी होती. बूट घालायला तो वाकला तेव्हा त्याच्या काळ्या स्वेटरच्या बाहीवर मनगटापाशी गुलाबी भुकटी दिसली. चिमूटभर. धाकट्याने ती झटकली, आणि झटकताना वर पाहिलं, दादा बघतोय का ते. दादा बघत होता.

बघणं हाच त्याचा धंदा होता. तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्य नव्हे, दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसणारा माणूस. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडात बोटं घालत आणि मागच्या खोलीत याच्याकडे नुसते जबडे येत, प्लॅस्टरचे, पांढरे, चिठ्ठी चिकटवलेले. एकवीस वर्षं. माणूस त्याने कधी पाहिला नाही, पण जबड्यावरून तो सांगायचा, हा रात्री दात खातो, ही एकाच बाजूने चावते, याने आयुष्यभर तोंड दाबून सोसलंय. डॉक्टरीणबाई हसून म्हणायच्या, "कवळीवाले, तुम्ही माणसाशी बोलता की त्याच्या हिरड्यांशी?" तो म्हणायचा, "हिरड्या खोटं बोलत नाहीत." प्लॅस्टरची पूड त्याच्या केसांत, कानांत, भुवयांत बसलेली असायची. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो घरी आला की बायको त्याला खिडकीपाशी बसवून त्याच्या डोक्यातले पांढरे कण नखाने वेचायची आणि वेचता वेचता दिवसभराचं काय काय सांगायची. ते कधी बंद झालं, ते त्याला आठवत नव्हतं. काही गोष्टी बंद झाल्याचं कळतं तेव्हा त्या बंद होऊन जुन्या झालेल्या असतात.

आणि एक पुस्तक होतं. त्याला ना पुठ्ठा होता ना पहिली वीस पानं. डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलेलं, तिथून त्याने ते ओढून काढलं होतं आणि तिथे प्लॅस्टरची चकती बसवली होती. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने पुस्तक वाचलं की लोक त्याला खूळ म्हणतात. तेच शिकलेल्याने वाचलं की अभ्यास. त्याला त्याची चीड होती. माणसाचं मन जनावराच्या मनातून कसकसं घडत आलं, याचं ते पुस्तक. त्याने ते तीनदा वाचलं होतं, कामाच्या मधे, मेण वितळेपर्यंत. त्यात लिहिलं होतं की हसणं हे बोलण्याच्या कितीतरी आधीचं आहे. वानरं खेळताना धापा टाकतात, त्या धापांचंच पुढे हसणं झालं. एकमेकांच्या अंगावरचं वेचत बसण्याने वानरांची टोळी बांधलेली राहते, आणि टोळी मोठी झाली, हात पुरेनात, तेव्हा माणसाने गप्पा काढल्या असाव्यात, तोंडाने वेचायला. लिहिलं होतं की गवत हललं की जे पळाले ते वाचले. वाराच असेल म्हणत बसले ते बहुतेकदा बरोबर असायचे, आणि एकदा चुकले की कुणाच्या तरी पोटात जायचे. आपण सगळे त्या पळणाऱ्यांची पोरं. म्हणून माणूस संशय आधी घेतो आणि विचार मागाहून करतो. हे वाक्य त्याने पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. कोणीतरी आपल्याला अखेर समजून घेतलं, असं त्याला वाटलं होतं.

तर गवत हललं होतं. पण तो पळाला नाही, दबा धरून बसला. बायको तोंडाला पावडर लावत नाही, निदान त्याच्यासमोर लावत नाही, मग भावाच्या बाहीवर गुलाबी भुकटी कुठून आली? तिघांमध्ये आई होती, हे खरं. पण आई सत्तरीची, तिला टेबलाशी बसवून ठेवलं की झालं. की आईलाही त्यात घेतलं होतं? आई हसत होती. तेच त्याला जास्त लागलं. आईचं हसणं त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. दाराआडून ऐकलं ते मोकळं, हवा भरलेलं, पोरीसारखं होतं. त्याच्यासमोर आई नुसतं स्मित करायची. दात दाखवून, छान, त्यानेच बनवलेले दात. सात महिन्यांपूर्वी त्याने तिला कवळी करून दिली होती. अठ्ठावीस दात, एकेक घासून बसवलेला, पुढचे दोन किंचित एकमेकांवर चढवलेले, तरुणपणीच्या फोटोत होते तसे. असं काम त्याने आयुष्यात कुणाचं केलं नव्हतं. ती ते दात दाखवायची. तो घरात पाऊल टाकायचा आणि ती दात दाखवायची.

दुसऱ्या दिवशी त्याने कामावरून तेलाची बारीक नळी आणली, दात घासायच्या यंत्राला घालतात ते पातळ तेल, आणि घरात कोणी नाही असं पाहून कुलपात चार थेंब सोडले. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरायला लागली. किल्ली धाकट्यानेच कापलेली होती, या विचाराने त्याला हसूही आलं. मग तो वेळा बदलून येऊ लागला. एकदा दोन वाजता, एकदा साडेचारला. जिना तो पंजांवर चढायचा, पन्नाशीचा माणूस, गुडघे कुरकुरणारा. डॉक्टरीणबाईंना सांगायचा, दाढ दुखते. त्या म्हणायच्या, "कवळीवाल्याची दाढ! दाखवा तरी." तो तोंड उघडायचा नाही. चारदा तो असा आला आणि चारदा हसणं थांबलं. शेवटच्या वेळी किल्ली बाहेर काढायच्याही आधी थांबलं, तो अजून दुसऱ्या मजल्यावरच होता. म्हणजे आतली माणसं कान देऊन होती. म्हणजे हसतानाही त्यांच्यातलं एक जण पहारा देत होतं, जसं चरणाऱ्या कळपात एखादं जनावर मान वर करून उभं असतं. आणि दार उघडलं की तेच तिघं, तीच टेबलाची कड, त्यावरून नुकतंच फडकं फिरवल्याचा ओला पट्टा. काय पुसलं असेल?

"काय चाललं होतं?" धाकटा गेल्यावर त्याने बायकोला विचारलं.

"कुठे काय?"

"हसत होता."

"हसायला काय परवानगी काढायची?"

"मी आलो की थांबता."

बायकोने हातातली बशी खाली ठेवली. ती बशी ठेवायची तेव्हा आवाज व्हायचा नाही, आणि तो आवाज न होणं हाच तिचा राग, हे त्याला ठाऊक होतं. "तुम्ही येता तेव्हा तुमचा चेहरा बघा कधी आरशात," ती म्हणाली. "आणि कुलपात तेल घातलंय कोणी? माझ्या पदराला डाग पडला."

"करकरत होतं."

"करकरत होतं ते बरं होतं," ती म्हणाली आणि आईच्या खोलीत निघून गेली. दोघींचं आत काहीतरी कुजबुजणं सुरू झालं. शब्द लागत नव्हते. शब्द लागले नाहीत तरी माणसाला कळतं, पुस्तकात होतंच, की पोर शब्दांआधी सूर ओळखतं. सूर लपवण्याचा होता.

शनिवारी तो कोपऱ्यावर गेला. धाकटा गाडीवर वाकून कानशीने किल्लीला खाचा पाडत होता, एकसारख्या, एका अंतरावर, जीभ दातांत धरून, लहानपणी गणितं सोडवायचा तशी. दादाला बघून त्याने पटकन तोंड वाकडं केलं, डोळे बारीक केले आणि एका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे रोखून पाहत खर्जात म्हणाला, "खालचा जबडा पुढे येतोय तुमचा." ही दादाची नक्कल होती. तो नेहमी करायचा. गिऱ्हाईक हसलं. दादा हसला नाही.

"उद्यापासून दुपारचा घरी येऊ नकोस."

धाकट्याने कानस थांबवली. "का?"

"का ते तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे ते तुला कळलं असतं तर तू असं बोलला नसतास," धाकटा म्हणाला. मग दादाच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याने वाचलं, आणि त्याचा स्वतःचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "वहिनीवर? दादा, तू वहिनीवर..." गिऱ्हाईक किल्ली न घेताच बाजूला झालं. "आईला भेटायचं नाही का मग मी?"

"रविवारी ये. मी असताना."

"तू असताना," धाकटा म्हणाला, आणि कानस पुन्हा चालायला लागली, जोरात. तो रविवारी आला नाही.

घर गप्प झालं. आता किल्ली कधीही फिरवा, आत काही थांबत नव्हतं, कारण काही चालूच नव्हतं. त्याला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. बायको एकदा बोलली ती सरळ बोलली: "मी महिनाभर बघणार आहे. मग बहिणीकडे जाईन, आणि आईंना घेऊन जाईन. तुम्ही राहा दारावर नजर ठेवून." तिने हे कपड्यांच्या घड्या घालत सांगितलं आणि शेवटची घडी सरळ केली. ती खरंच जाणार हे त्याला घड्यांवरून कळलं. आई वाळत चालली होती. जेवताना ती त्याच्यासमोर घास तोंडात या गालातून त्या गालात फिरवत राहायची, मधेच स्मित करायची, आणि तो पाणी आणायला उठला की घास हळूच रुमालात जायचा. हे त्याने पाहिलं. त्याने त्याचाही अर्थ लावला: धाकट्याच्या आठवणीने अन्न जात नाही, सगळे त्याच्याच बाजूचे. "आई, दात कसे आहेत?" त्याने विचारलं. "छान आहेत रे," आई म्हणाली, आणि 'आहेत'च्या शेवटी कवळी किंचित सुटून टक् वाजली. "म्हण, साठ, एकसष्ट, बासष्ट." नवी कवळी बोलण्यात बसली की नाही हे बघायला तो आकडे म्हणायला लावायचा. आईने शाळेतल्या मुलीसारखे हात मांडीवर ठेवून आकडे म्हटले. प्रत्येक स-ला बारीक शिटी वाजत होती. सात महिन्यांनी वाजायला नको होती. "दे उद्या, पॉलिश करून आणतो," तो म्हणाला. आईने बायकोकडे पाहिलं, बायकोने भिंतीकडे. ते बघणंही त्याने टिपलं.

कामावरच्या खोलीत सकाळी त्याने कवळी दिव्याखाली धरली आणि पहिल्यांदा तिच्याकडे मुलगा म्हणून न बघता कवळीवाला म्हणून बघितलं. दाढांवर त्याने केलेलं पॉलिश जसंच्या तसं होतं. सात महिने चावलेल्या दाढेवर घासल्याचे चट्टे येतात, चहाचा तपकिरी पट्टा धरतो. इथे काही नव्हतं. हे दात चावले नव्हते. हे दात फक्त दाखवले गेले होते. त्याने ती उलटी केली. आतल्या बाजूला, उजव्या कडेला, गुलाबी हिरडीवर खरखरीत ओरखडे होते. एकसारखे. एका अंतरावर. किल्लीला पाडतात तशा खाचा. त्याने नखाने एक खाच खरवडली आणि बोटाला भुकटी लागली, गुलाबी, चिमूटभर. त्याच्या मांडीवर, कपड्यांवर, बाकावर, श्वासातसुद्धा तीच भुकटी होती, एकवीस वर्षं. कवळीची गुलाबी हिरडी घासली की जी उडते ती. जगात ती भुकटी एकाच माणसाने पहिल्या नजरेत ओळखायला हवी होती, आणि त्या माणसाला ती बायकोच्या गालावरची पावडर वाटली.

घरच्या टेबलाची कड त्याला दिसली, तिच्यावरचा ओला पट्टा दिसला. आई तोंड उघडून बसलेली, बोचरी जागा बोटाने दाखवणारी. बायको दिवा धरून. आणि धाकटा, ज्याला हिरडी आणि पितळ यांतला फरक माहीत नाही, तो किल्ल्यांच्या कानशीने दादाचं काम जपून, घाबरत घासतोय आणि मधेच कवळी हातात धरून खर्जात म्हणतोय, 'खालचा जबडा पुढे येतोय तुमचा.' आणि आई हसतेय, बोडक्या हिरड्यांनी, पोटभर. मग जिन्यात पाऊल. आईचे ओठ मिटतात. कवळी कुणाच्या तरी मुठीत जाते.

त्याने कवळी लोखंडी बिजागरीच्या जबड्यात बसवली, वरची वर, खालची खाली, आणि मिटली. मिटल्यावर ती त्याच्या डोळ्यांसमोर चुकीची दिसली. खालचा जबडा पुढे आला होता. चावाच, दोन्ही जबडे कसे मिटतात त्याचा मेणातला ठसाच, चुकीचा घेतलेला. चावा डॉक्टरीणबाई घेतात, माणसाला सैल बसवून, जीभ मागे टाळूला लावायला सांगून, दोनदा गिळायला लावून. कारण घाबरलेला माणूस 'चावा' म्हटलं की जबडा पुढे काढतो, आणि तसा चावा धरला की पुढे सगळी कवळी हलते आणि हिरडी सोलते. हे त्याला ठाऊक होतं. पण बाई घाई करतात, आपल्या आईचं आपण करू, म्हणून त्याने चावा घरी, त्याच टेबलाशी, स्वतः घेतला होता. मेणाची कड तिच्या तोंडात. "चाव. असं नाही. हलू नकोस. आई, मी काय सांगतोय?" आणि आई त्याच्याकडे बघत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत मन लावून, ओठ मागे ओढून, जबडा पुढे काढून चावत होती. त्याला वाटलं होतं, लेकाच्या कौतुकाने हसतेय. तोच चावा त्याने मेणात पकडला, प्लॅस्टरमध्ये ओतला, घासून चकचकीत केला. पुस्तकात एक पान होतं, माकडांच्या चेहऱ्यांचं. ओठ मागे, दात उघडे, आवाज नाही. खाली लिहिलं होतं, हे हसू नव्हे. वरचढ समोर आला की दुबळं असं दात दाखवतं, मला काही करू नको म्हणून. ते पान त्याने तीनदा वाचलं होतं आणि तीनदा डॉक्टरीणबाईंच्या रोग्यांना लावून पाहिलं होतं.

मग त्याला बूट ऐकू आले. बापाचे, नाल ठोकलेले, जिन्यावर. तो सात-आठ वर्षांचा, टेबलाखाली. आई आणि खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई हसतायत, डोळे पुसतायत, कशावर ते त्याला कळत नाहीये पण तोही हसतोय, कारण हसणं लागतं. बूट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर येतात. हसणं कापलं जातं. त्याचंही. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला आपोआप कळलं होतं. बापाने कधी हात उचलला नाही. बाप फक्त दारात उभा राहायचा, एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, "काय चाललं होतं?" आणि आई दात दाखवायची. तेव्हा तिचे स्वतःचे होते.

"कवळीवाले, बरं आहे ना?" डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. तो म्हणाला, चावा परत घ्यावा लागेल एकीचा, तुम्हीच घ्या, मी खोलीत नसेन. त्याने कवळी खिशात घातली आणि भरदुपारी निघाला. कोपऱ्यावर हातगाडीवर ताडपत्री ओढलेली होती. जिन्यात त्याने पाय मुद्दाम आपटले नाहीत, पंजांवरही चढला नाही. कसं चढायचं हेच त्याला ठरवता येईना. दारासमोर धाकट्याचे बूट होते. तो कामावर आहे असं समजून धाकटा आला होता. आत हसणं होतं. तिघांचं. आईचं सगळ्यांत वर, वाऱ्यासारखं. किल्ली त्याच्या हातात होती, कुलूप तेल पिऊन तयार होतं. आतल्या आत त्याचं काहीतरी पुढे झुकलं, ऐकायला, पकडायला. सगळं कळल्यावरसुद्धा झुकलं. ते त्याच्याहून जुनं होतं. ते काही जाणार नव्हतं.

त्याने किल्ली खिशात टाकली आणि बेल वाजवली, परक्यासारखी, एकदाच. हसणं थांबलं. खुर्ची सरकली. त्याने मनात साठपासून मोजायला घेतलं, हळू, आतल्यांना काय लपवायचं ते लपवायला वेळ मिळावा म्हणून. पण लपवायचं ते तर त्याच्याच खिशात होतं. सदुसष्टला दार उघडलं. आई होती. तिने त्याला पाहिलं, आणि तिचे ओठ मागे ओढले गेले, नेहमीसारखे, फक्त आत दात नव्हते. नुसत्या हिरड्या, ओल्या, गुलाबी. तान्हं पोर पहिल्यांदा हसतं तेव्हा असंच दिसतं. घाबरलेलं म्हातारं माणूसही असंच दिसत असेल. जबड्यावरून माणूस ओळखणाऱ्या त्याला यातलं कोणतं, ते सांगता येईना.

"चावा चुकला होता, आई," तो म्हणाला. "माझा."

"नाही रे, छान आहेत," आई म्हणाली, दात नसलेल्या तोंडाने, घाईघाईने. मागे टेबलाशी बायको आणि धाकटा उभी होती. धाकट्याच्या हातात कानस नव्हती, चहाचा कप होता.

तो आत शिरला नाही. आईही बाजूला झाली नाही. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून वर गेली, कानापाशी थांबली, आणि तिचा हात वर आला. नखाने तिने त्याच्या केसांतला प्लॅस्टरचा एक कण काढला, पाहिला, टाकला. मग दुसरा. पुस्तकात होतं, दुबळं वरचढाच्या अंगावरचं वेचतं, त्याने मारू नये म्हणून. त्याच पानावर होतं, आई पिल्लाचं वेचते. या दोन वेचण्यांत बघणाऱ्याला फरक कसा कळावा, ते त्यात नव्हतं. तिसऱ्या कणासाठी ती टाचा उचलायला लागली, तिचा हात पुरेना. तेव्हा तो मान खाली घालून एक पायरी खाली उतरला.